डाव्या डोळ्याची रायफल

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत पोलीस आला की आधी सगळी माणसं दारात येतात आणि मग तो कुणाच्या दारापाशी थांबतो ते बघतात. त्या दिवशी तो आमच्या दारापाशी थांबला. मी नुकतीच सकाळच्या पाळीवरून आले होते. परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. दिवसभर मायक्रोस्कोपखाली लोकांचं रक्त बघायचं, हे माझं काम. चाळिशी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही, आई-पप्पांबरोबर राहते. आणि मी रायफलच्या लायसन्ससाठी अर्ज केला होता.

पप्पांनी हवालदारांना खुर्ची दिली, आईने पाणी दिलं. त्यांनी मांडीवर फाइल उघडली.

"धोका कुणापासून आहे?"

"कुणापासूनच नाही," मी म्हणाले.

"मग रायफल कशाला?"

"खेळायला. नेमबाजी करते मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पप्पांकडे. "काका, मुलगी ना तुमची? खेळायला म्हणते."

"म्हणते खरी," पप्पा म्हणाले. महापालिकेत क्लार्क म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. सरकारी माणसासमोर एक शब्द जास्त बोलायचा नाही, ही सवय त्यांना तिथून लागलेली.

हवालदार चांगले होते. आतापर्यंत त्यांनी सोनार बघितले होते, बिल्डर बघितले होते, बँकेचे वॉचमन बघितले होते. लॅबमधली बाई पहिलीच, असं ते म्हणाले. मग त्यांनी शेजारी चौकशी केली. आमच्या बाजूच्या खोलीतल्या काकी मूळच्या मालवणच्या. त्यांना विचारलं, हिचा स्वभाव कसा आहे, रागीट वगैरे? काकींनी कमरेवर हात ठेवून सांगितलं, "तां चेडू झुरळ मारूक घाबरता. त्यांच्या मोरीतला झुरळ मारूक माका हाक मारतत." हवालदारांनी हे लिहून घेतलं की नाही, मला माहीत नाही. पण ते हसले, आणि गॅलरीत उभी असलेली सगळी माणसंही हसली.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं त्याच्या तीनेक वर्षं आधी. एका रायफल क्लबने हॉस्पिटलच्या स्टाफसाठी एक दिवसाचं शिबिर ठेवलं होतं. लॅबमधल्या मैत्रिणीला एकटीने जायचं नव्हतं म्हणून मी गेले. एअर रायफल, दहा मीटरवर कागदाचं टार्गेट. मला वाटलं होतं, जत्रेतले फुगे फोडतात तसं काहीतरी असेल. रायफल खांद्याला लावली आणि बघितलं तर समोरचा काळा ठिपका जागेवर थांबेना. इकडे जातो, तिकडे जातो. मग लक्षात आलं, ठिपका हलत नाहीये, मी हलतेय. मी उभी आहे असं मला वाटत होतं, पण खरं तर मी सारखी झुलत होते, जन्मभर झुलत आले होते आणि मला पत्ता नव्हता. श्वास सोडला, झुलणं थोडं कमी झालं, त्या क्षणी खटका ओढला. छर्रा कुठे लागला ते आठवत नाही. ओढण्याआधीची ती एवढीशी शांतता मात्र आठवते. लॅबमधली मशीन, चाळीतले आवाज, डोक्यातली माझीच बडबड, सगळं एकदम थांबलं होतं. मैत्रीण परत गेली नाही. मी पुढच्या रविवारी गेले, आणि मग जातच राहिले.

आमची कोच कोल्हापूरची, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. मी तिला मॅडम म्हणायचे, ती मला ताई म्हणायची. बरीच एअर रायफल झाल्यावर तिने मला एक दिवस पन्नास मीटरच्या रेंजवर नेलं आणि पॉइंट टू-टू रायफल दिली. चटईवर पालथं झोपायचं, डाव्या दंडाला पट्टा अडकवायचा आणि त्या पट्ट्यावर रायफलचा भार टाकायचा. समोर मोकळी जागा, त्यापलीकडे टार्गेटं. मधला काळा गोल तिथून मोहरीएवढा दिसत होता.

"गोळी जाताना वारं तिला हात लावतं, ताई," ती म्हणाली. "तुम्ही आधी वारं बघायला शिका."

"वारा कसा बघायचा?"

तिने दाखवलं. मध्ये रोवलेली छोटी निशाणं. गवताचे शेंडे. जमिनीलगत उन्हात थरथरणारी हवा कुठल्या बाजूला वाहते ते. मी अर्धा तास नुसती पडून बघत होते. सगळं आयुष्य मुंबईत काढलं, समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, आणि वाऱ्याकडे मी कधी बघितलंच नव्हतं. तो आला की पदर सावरायचा, खिडकी लावायची, एवढंच. तो एका लयीत येतो, मध्ये दम घेतो, परत येतो, हे मला त्या सकाळी कळलं. तेव्हाच ठरलं की मला हेच करायचंय.

पण एअर रायफल आणि पॉइंट टू-टू यांत कायद्याने फार मोठी भिंत आहे. ठरावीक ताकदीपर्यंतच्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही. पॉइंट टू-टू हे मात्र खरं हत्यार. क्लबची रायफल क्लबातच, कोचच्या समोर वापरायची. क्लबात त्या मोजक्याच, आणि प्रत्येक जण येऊन त्यांची मापं स्वतःपुरती बदलणार. स्वतःची हवी तर पोलिसांकडून लायसन्स. त्यासाठी ट्रेनिंगचा दाखला हवा, घरात हत्यार कुठे आणि कसं बंद ठेवणार ते सांगायला हवं, मन ठिकाणावर आहे असं डॉक्टरचं पत्र हवं. हे पत्र मी आमच्याच हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांकडून घेतलं. त्यांनी अगदी गंभीरपणे मला विचारलं, "चिडचिड होते का?" मी म्हणाले, "लॅबमध्ये होते. रेंजवर नाही होत."

पप्पांचा विरोध पोलिसांच्या भीतीपोटी होता. आईचा वेगळा होता. आमचं घर बौद्ध. रोज सकाळी आई पंचशील म्हणते, आणि त्यातलं पहिलंच शील जीवहत्येपासून दूर राहण्याचं.

"त्रिसरण म्हणते त्या खोलीत बंदूक ठेवायची?" तिने विचारलं.

"आई, समोर कागद असतो."

"कागद तू ठेवतेस म्हणून. बंदूक कागदासाठी बनवली नाही कुणी."

आई विहारात गेली आणि तिने भंतेजींना विचारलं. ते म्हणाले म्हणे, कागदाला प्राण नसतो हे खरं, पण हातात ती वस्तू असताना मुलीचं मन कुठे जातं ते तिला रोज बघू दे. आईने घरी येऊन मला विचारलं, "कुठे जातं तुझं मन?" मी तिला सांगितलं, श्वास बघते, तो सोडते, मध्ये जी जागा येते तिथे थांबते. आई विपश्यनेच्या शिबिरांना जाऊन आलेली आहे. ती म्हणाली, "आम्ही पण तेच करतो. फक्त शेवटी घोडा ओढत नाही." त्यानंतर तिने विरोध केला नाही. होकारही दिला नाही.

लायसन्सची वाट बघण्यात वर्ष गेलं. त्याच काळात एका रविवारी कोच माझ्या मागे बराच वेळ उभी राहून बघत होती. माझे छर्रे पुन्हा पुन्हा एकाच बाजूला सरकायचे आणि कारण सापडत नव्हतं.

"रायफल खाली ठेवा, ताई," ती म्हणाली. "दोन्ही हात पुढं लांब करा. तळवे जुळवून मधी एक फट करा. त्या फटीतनं तो खांबावरचा दिवा बघा. दिसला? आता हात न हलवता डावा डोळा मिटा."

मी मिटला. दिवा गायब झाला. फटीत नुसती भिंत.

"आता डावा उघडा, उजवा मिटा."

दिवा होता तिथेच.

"तुमचा डोळा डावा हाय की ओ ताई," ती म्हणाली. "हात उजवा, डोळा डावा. बघणारा एक आणि करणारा दुसराच."

मी तो खेळ परत परत करून बघितला. दरवेळी तेच. दोन डोळे मिळून एकच काहीतरी बघतात असं मी समजत होते. एक डोळा पुढे असतो आणि दुसरा त्याच्या मागे चालतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेले आणि कोपऱ्यात पडलेला जुना, एकाच डोळ्याने बघायचा मायक्रोस्कोप झाकण काढून समोर घेतला. काही न ठरवता वाकले. डावा डोळा आपसूक काचेला लागला. शिकत असताना याच जातीच्या मायक्रोस्कोपवर मी तासन्‌तास बसले होते. म्हणजे माझ्या डोळ्याला सगळं माहीत होतं, मलाच माहीत नव्हतं. मी स्लाइड न लावताच तिथे बसून राहिले.

कोचने दोन रस्ते सांगितले. एक, डाव्या डोळ्यासमोर पांढरी पट्टी लावायची आणि उजवीकडूनच मारायचं. बरेच जण तसं करतात. दुसरा, सगळं डावीकडे न्यायचं: खांदा, गाल, खटक्यावरचं बोट.

"घाई करू नका," ती म्हणाली. "एअर रायफल असती तर म्हटलं असतं, घ्या ही, नाही जमली तर दुसरी घ्या. ह्यात तसं नाही. एवढं थांबून एक रायफल येणार. चुकीची आली की परत सगळं पहिल्यापासनं."

क्लबात एक एअर रायफल दोन्ही बाजूंनी चालणारी होती. तिच्यावर मी डाव्या बाजूने सुरुवात केली आणि पार नवशिकी झाले. बोटाला ओढायचं कसं ते कळेना. घरी मी डाव्या हाताने दात घासायला लागले, डाव्या हाताने चपात्या उलटायला लागले. पप्पा म्हणायचे, "पोलिसांना कळलं तर म्हणतील, मन ठिकाणावर नाही." पाऊस संपून ऊन आलं त्या सुमारास एका सकाळी गाल लाकडावर टेकवला आणि नेम धरायची पुढची कडी, मागची कडी, टार्गेटचा काळा गोल, सगळं एकात एक नीट बसलं. कुठलाच डोळा मिटावा लागला नाही. जोर लावावा लागला नाही. चित्र आपलं आपण येऊन थांबलं. मी खटका ओढलाच नाही. रायफल उतरवली आणि कोचला म्हणाले, "डावी."

त्यानंतर थोड्याच दिवसांत लायसन्स आलं. रायफल ठरलेल्या मुदतीत घ्यायची होती. मी फोर्टातल्या एका बंदुकीच्या दुकानात गेले. पप्पाही आले, एकटी नको जाऊस, म्हणाले. दुकानाचे मालक वयस्क गुजराती होते. त्यांनी लायसन्स दोन्ही बाजूंनी वाचलं, माझा चेहरा फोटोशी ताडून बघितला, मग कपाटाचं कुलूप उघडलं. देशी बनावटीची रायफल त्यांनी दोन्ही हातांनी आणून हिरव्या कापडावर ठेवली. सुंदर होती. बोल्टची, म्हणजे गोळी आत सारायच्या दांड्याची, मूठ उजव्या बाजूला.

"डाव्या हाताची आहे?" मी विचारलं.

"डावी?" ते म्हणाले. "बेन, माझ्याकडे तर कधी आली नाही. बाहेरची मागवायची तर तुम्ही मोठ्या शूटर पाहिजे. नॅशनलला ठरलेले गुण पाहिजे. आहेत?"

"नाहीत."

"मग ही घ्या. उजव्याने मारा. सगळे मारतात."

पप्पांनी मला बाजूला घेतलं. "मिळतंय ना? घेऊन टाक. मुदत निघून गेली की परत कोण देणार आहे आपल्याला?"

पप्पांची सगळी पिढी अशीच जगली. दार जरा किलकिलं झालं की आत शिरायचं, आतली खुर्ची आपल्या मापाची आहे की नाही ते नंतर बघायचं. त्यांचं चुकत होतं असं मला वाटत नाही. पण मी त्या रायफलवर हात ठेवून उभी राहिले आणि मला ते डाव्या बाजूचं चित्र आठवत राहिलं. मालकांचे आभार मानून मी बाहेर पडले. पप्पा बसमध्ये मला सोडून पुढच्या सीटवर जाऊन बसले.

कोचला फोन केला. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "शिवाजी पार्काला एक डॉक्टरबाई आहेत. ऐंशीच्या पुढं. पूर्वी खेळायच्या. त्यांची रायफल डावी होती बघा. अजून ठेवलीय का, विचारते."

ठेवली होती. पुढच्या शनिवारी मी त्यांच्याकडे गेले. जुन्या इमारतीतला तिसरा मजला, गॅलरीसमोर झाडं आणि झाडांपलीकडे मैदान. दार बाईंनी स्वतःच उघडलं. उंच, ताठ, पांढरे केस कापलेले. माझ्याकडे बघताना त्या मान किंचित एका बाजूला वळवत होत्या.

"दातांची डॉक्टर होते मी," त्या म्हणाल्या. "डाव्या हाताने निम्म्या दादरचे दात काढलेत. पेशंट आधी घाबरायचे, मग सवय व्हायची. तू डावरी आहेस?"

"हात उजवा आहे. डोळा डावा."

"मग तुला जास्त कष्ट पडले असतील. बस."

चहा घेताना त्यांनी सांगितलं की डोळ्यांचा मधला भाग गेला आहे. कडा दिसतात. दार, खिडकी, झाडं, समोरच्या माणसाचे खांदे दिसतात. चेहरा दिसत नाही. ज्या मधल्या ठिपक्याकडे बघण्यात तारुण्य घातलं, नेमका तेवढाच दिसेनासा झाला. हे त्यांनी कुरकुर न करता सांगितलं, दाढेबद्दल सांगावं तसं. मुलं अमेरिकेत. बाईंच्या पश्चात रायफल पोलिसांकडे जमा झाली असती.

"कुणाला देऊनही टाकता येत नाही," त्या म्हणाल्या. "लायसन्सवाल्यालाच देता येते. आणि लायसन्सवाले सगळे उजवे. पाच वर्षं शोधतेय मी."

मग त्या आत गेल्या. कपाटाची दोन कुलपं उघडल्याचा आवाज आला. लांबट पेटी घेऊन आल्या, टेबलावर ठेवली, उघडली. आधी बोल्ट काढला आणि बोट आत घालून चेंबर, गोळी बसते ती जागा, रिकामी असल्याची खात्री केली. मग परत एकदा केली. त्यांना दिसत नव्हतं, पण बोटं कुठेही अडखळली नाहीत.

मी हात पुढे केला.

"नाही," त्या म्हणाल्या. "हातात रेंजवर घ्यायची, कोचसमोर. इथे मी धरते, तू बघ."

रायफल उचलून त्यांनी नळीचं तोंड गॅलरीतल्या उजेडाकडे केलं आणि मागची बाजू माझ्यासमोर आणली. मी खाली वाकून नळीत डोळा लावला.

तिथे काय दिसलं ते मी बऱ्याच जणांना सांगायचा प्रयत्न केला आहे. आतून पूर्ण नळी उजेडाने भरलेली होती. तिच्या भिंतींवर बारीक खाचा होत्या, आणि त्या सरळ जात नव्हत्या. सगळ्या एकसारख्या, एका लयीत वळत वळत दूरच्या उजेडाच्या गोलापर्यंत गेल्या होत्या. कुठे ओरखडा नाही, डाग नाही. नळी स्थिर होती, पण आतला उजेड फिरतोय असं वाटत होतं. मायक्रोस्कोपखाली मी पेशी बघितल्या आहेत, स्फटिक बघितले आहेत. बघून आतून हलायला होतं अशा गोष्टी रोज माझ्यासमोर असतात. पण त्या निसर्गाने केलेल्या. हे कुणीतरी माणसाने लोखंडात केलं होतं, आणि एका बाईने कित्येक वर्षं दर आठवड्याला पुसून तसंच ठेवलं होतं.

"या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरते," बाई म्हणाल्या. "फिरते म्हणून सरळ जाते. स्वच्छ आहे ना अजून?"

"खूप स्वच्छ आहे."

"मला वाटलंच. पण कुणीतरी बघून सांगायला हवं होतं."

पुढच्याच आठवड्यात बाई टॅक्सीने रेंजवर आल्या. कोचने रायफल घेतली, तपासली आणि माझ्यासाठी चटई टाकली. बाई माझ्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. मी पालथी झाले, उजव्या दंडाला पट्टा अडकवला, आणि माझा डावा गाल लाकडावर टेकला. तिथलं पॉलिश गेलं होतं आणि लाकडाला हलकासा खोलगटपणा आला होता. बाईंच्या गालाने केलेली जागा. माझा गाल तिथे बरोबर बसला.

कडीतून बघितलं. काळा गोल आत होता आणि किंचित उडत होता, एका ठेक्यात. मी अजून नीट श्वास सोडला, तरी तो ठेका तसाच. कोच खाली वाकून म्हणाली, "ते तुमचं काळीज हाय, ताई. पट्ट्यातनं येतंय."

किती लोकांचं रक्त मी बघत आले, त्याची गणती नाही. ते ढकलणारं माझ्या आतलं यंत्र कधी दिसलं नव्हतं. आता ते पन्नास मीटरवर, मोहरीएवढ्या ठिपक्यावर दिसत होतं. दोन ठोक्यांच्या मध्ये तो ठिपका थांबायचा. मी तिथे खटका ओढला.

"नऊ," कोच दुर्बिणीतून बघत म्हणाली. "डावीकडं गेली."

"वारा," मागून बाई म्हणाल्या. "परत भर. मी सांगेपर्यंत ओढू नकोस."

मी गोळी भरली, गाल टेकला. निशाणं फडफडत होती. बाईंना निशाणं दिसण्याचा प्रश्नच नव्हता. मी थांबले. श्वास घेतला, सोडला, परत घेतला.

"थांब," त्या म्हणाल्या. आणि मग अगदी हळू, "आता पडेल. आता."

तो शब्द आला आणि त्यानंतर कडीतून दिसणारं निशाण फडफडायचं थांबून खाली लोंबलं. त्यानंतर. आधी नाही. मी ओढलं.

कोचने दुर्बिणीला डोळा लावला. मग म्हणाली, "मधोमध." आणि वळून बाईंकडे बघत राहिली. मीही उठून बसले. बाईंनी चेहरा समुद्राच्या बाजूला केला होता. "गालाला कळतं," त्या म्हणाल्या. "बघायची गरज नसते नेहमी."

बाकी सगळं रीतीप्रमाणे झालं. बाईंनी विकत असल्याचं पोलिसांना कळवलं, सांगितले तेवढे दिवस आम्ही थांबलो. किंमत त्यांनी मला झेपेल अशी ठेवली. पोलीस ठाण्यात रायफलवरचा नंबर माझ्या लायसन्सवर चढला आणि त्यांच्या लायसन्सवरून उतरला. बाईंनी त्या जागी सही केली, पेनाला टोपण लावलं आणि मला म्हणाल्या, "तेल जास्त घालत जाऊ नकोस." एवढंच.

घरी लोखंडी कपाट भिंतीत पक्कं बसवून घेतलं होतं. बोल्ट वेगळ्या कुलपात. आईने कपाट लांबूनच बघितलं. दोन दिवसांनी मी रायफल पुसत असताना ती जवळ येऊन बसली आणि विचारलं, "हात लावू?" मी म्हणाले, "आई, कायद्याने नको." तिला ते आवडलं. "बरं आहे," म्हणाली, "इतकं कडक असेल तर बरं आहे."

मी काही मोठी नेमबाज झाले नाही. राज्य स्पर्धेला जाते, मधल्या फळीत कुठेतरी असते. पण रविवार चुकवत नाही. पप्पा पहिल्यांदा रेंजवर आले ते सहा महिन्यांनी, आणि आले ते नेमके बाई आल्या होत्या त्या दिवशी. कोचने पप्पांना दुर्बिणीपाशी बसवलं. त्यांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"काय दिसतंय?" बाईंनी विचारलं.

"भोकं," पप्पा म्हणाले. "एवढ्या लांब, इतकी जवळजवळ. हिने पाडलेली?"

"मला दिसत नाही हो. तुम्हीच सांगा कुठे आहेत ती. घड्याळासारखं सांगायचं. मध्यापासून तीन वाजता, सहा वाजता, असं."

पप्पांनी चष्मा पुसला आणि परत वाकले. मी पुढची गोळी मारली. मागून त्यांचा आवाज आला, ऑफिसात वाचून दाखवायचे तसा स्वच्छ: "नऊ गुण. अकरा वाजता." बाई "हं" म्हणाल्या. आता ते दर पंधरा दिवसांनी टॅक्सी करून बाईंना शिवाजी पार्कहून घेऊन येतात. दोघं मागे बसतात. पप्पा सांगतात, बाई ऐकतात, आणि मध्येच कधीतरी बाई हात वर करतात. मग आम्ही सगळेच गप्प होतो आणि वारा पडायची वाट बघतो.